दोनशे शब्दांचे निवेदन : कम्युनिटी कॉलेजच्या मंडळासाठी उभ्या राहिलेल्या निर्वासितांच्या मुलीचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

कॅलिफोर्नियात सान होजेच्या परिसरात अनेक कम्युनिटी कॉलेज जिल्हे आहेत. त्यांपैकी एकाच्या विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीत व्हिएतनामी निर्वासितांची मुलगी उमेदवार म्हणून उभी राहिली. व्यवसायाने त्या परिचारिका आहेत, आणि आम्ही दोघी एकाच रुग्णालयात काही वर्षे काम केले होते. त्यांच्या प्रचारसमितीची खजिनदार म्हणून मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत होते. जे घडले ते त्यांच्या संमतीने येथे मांडले आहे. जिल्हा, वर्ष, मतांचे आकडे आणि ओळख पटेल असे इतर तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आपल्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी कम्युनिटी कॉलेजची गल्लत होऊ नये. येथे वयाची अट जवळजवळ नाही. अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांचे शिक्षण घेऊन पुढे विद्यापीठात जातो, चाळिशीतली बाई परिचारिकेचा अभ्यासक्रम करते, आणि संध्याकाळच्या वर्गात साठीचे गृहस्थ इंग्रजी शिकतात. कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये ७३ जिल्ह्यांत विभागलेली आहेत. राज्यातील रहिवाशांना एका युनिटसाठी, म्हणजे एका श्रेयांकासाठी, ४६ डॉलर शुल्क पडते. श्रेयांक नसलेल्या इंग्रजीच्या वर्गांना शुल्क नाही. एच-४ म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या कित्येक मराठी मुली नोकरीची परवानगी नसलेल्या काळात याच कॉलेजांत काहीतरी शिकत असतात, पण त्या कॉलेजचा कारभार कोण पाहते याचा त्यांना सहसा पत्ता नसतो, आणि बारा वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नव्हता.

कारभार पाहणारे मंडळ लोकनियुक्त असते. सदस्य बहुधा पाच किंवा सात, मुदत चार वर्षांची, आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. जिल्ह्याच्या प्रमुखाची नेमणूक करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारांना मान्यता देणे ही त्याची कामे. अभ्यासक्रमाच्या बाबतीत मात्र प्राध्यापकांच्या सभेचे मत प्रमाण मानण्याची पद्धत १९८८च्या कायद्याने रूढ झाली आहे. मानधन महिन्याला काही शे डॉलर. पूर्वी पुष्कळ ठिकाणी सगळा जिल्हा मिळून सगळे सदस्य निवडत असे, त्यामुळे एका भागात दाटीने राहणाऱ्या समाजाला आपला माणूस निवडून आणणे अवघड जाई. २००१च्या कॅलिफोर्निया मतदान हक्क कायद्यानंतर जिल्हे विभाग पाडू लागले. आमच्या जिल्ह्यातही विभाग पडले होते, आणि उमेदवारांच्या विभागात व्हिएतनामी, मेक्सिकन आणि भारतीय घरे एकाच गल्लीत नांदत होती.

सान होजेत १ लाखाहून अधिक व्हिएतनामी लोक राहतात. बाहेरून हा समाज एकसंध दिसला तरी त्याचे अंतरंग तसे नाही. ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन साम्यवाद्यांच्या हाती पडली तेव्हा विमानांनी व जहाजांनी बाहेर पडलेले लोक आधी आले; नंतर होड्यांतून निघून मलेशियातल्या पुलाऊ बिदाँगसारख्या छावण्यांत दिवस काढलेले लोक आले; आणि १९८९च्या करारानंतर, साम्यवादी राजवटीच्या 'पुनर्शिक्षण' शिबिरांत किमान तीन वर्षे डांबलेले दक्षिण व्हिएतनामचे सैनिक व अधिकारी आपल्या कुटुंबांसह आले. उमेदवारांचे वडील या तिसऱ्या लाटेतले. सैन्यात ते कनिष्ठ अधिकारी होते आणि सहा वर्षे शिबिरात होते. अमेरिकेत आल्यावर आईने दिवसा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचे काम धरले आणि रात्री कॉलेजच्या उपकेंद्रात इंग्रजीचा वर्ग. मुलीला सांभाळायला घरी कोणी नसे, म्हणून ती वर्गाबाहेर फरशीवर बसून गृहपाठ करी. पुढे त्याच कॉलेजातून ती परिचारिका झाली.

प्रश्न कसा उभा राहिला

महामारीच्या काळात विद्यार्थिसंख्या घसरली आणि त्या उपकेंद्रातले संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग बंद करून मुख्य आवारात हलवण्यात आले. कागदावर हा निर्णय चुकीचा नव्हता, कारण सहा-सात विद्यार्थ्यांसाठी इमारत उघडी ठेवणे परवडत नव्हते. पण उपकेंद्र चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि मुख्य आवाराला दोन बस बदलाव्या लागत. कारखान्यातून सहाला सुटणारी बाई साडेसहाच्या वर्गाला कशी पोहोचणार, हा प्रश्न मंडळाच्या सभेत कोणी विचारलाच नव्हता. उमेदवारांनी तो सार्वजनिक निवेदनासाठी मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत विचारला. मंडळाने ऐकून घेतले, आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. विषयपत्रिकेत नसलेल्या बाबीवर मंडळाला चर्चा करता येत नाही, असा राज्याचा उघड्या सभांचा कायदाच आहे. तरीही ते आभार त्यांना फार लागले. घरी परतताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "ती पत्रिका ठरवणाऱ्यांत आपलं कोणीतरी हवं."

पर्याय

वसंतात आम्ही पाच जण त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो तेव्हा समोर तीन वाटा होत्या. पहिली, निवडणूक न लढवता सभांना जात राहायचे आणि वर्ग परत सुरू करण्यासाठी सह्या गोळा करायच्या. दुसरी, विद्यमान सदस्यांविरुद्ध याच वर्षी उभे राहायचे. तिसरी, चार वर्षे थांबायचे; तोवर ते सदस्य कदाचित निवृत्त होतील आणि जागा मोकळी होईल. विद्यमान सदस्य गृहस्थ सज्जन होते, दोन मुदती काम केलेले होते आणि प्राध्यापक संघटनेचा त्यांना पाठिंबा होता.

माझे मत तिसऱ्या वाटेकडे झुकत होते, आणि ते मी बोलूनही दाखवले. उमेदवारांचे म्हणणे असे की चार वर्षांत त्या वर्गांची आठवणसुद्धा उरणार नाही, आणि जे आठवत नाही ते परत मागता येत नाही. आज मागे वळून पाहता मला त्यांचेच बरोबर वाटते. मात्र पहिली वाट आम्ही पुरेशी तपासली नाही. सह्यांची मोहीम आणि उमेदवारी एकमेकांच्या आड येणार नव्हत्या. वसंतातच सह्या गोळा केल्या असत्या तर ऑगस्टमध्ये अर्ज भरताना हातात कामाची यादी आणि माणसांची यादी दोन्ही असत्या.

पहिला निर्णय : निवेदनातला एक शब्द

कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवर नावाखाली आपला व्यवसाय साधारण तीन शब्दांत लिहिता येतो, आणि मतदारांना पाठवल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत २०० शब्दांचे निवेदन छापता येते. निवेदनाचा खर्च बहुतेक ठिकाणी उमेदवारालाच करावा लागतो. आमच्या जमेतला मोठा वाटा त्यातच गेला. व्यवसाय म्हणून 'नोंदणीकृत परिचारिका' लिहिले. समोरच्याला 'विद्यमान' हा एकच शब्द पुरेसा होता.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात पहिलेच वाक्य होते, "मी निर्वासितांची मुलगी आहे." वडिलांनी ते वाचले आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांची हरकत शब्दाला होती की तो छापण्याला, हे आम्हाला त्या दिवशी नीट कळले नाही. मला त्यांचे वागणे परके वाटले नाही. मी कल्याणची, शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंध्यांना लष्करी छावण्यांत वसवले होते आणि आजही तेथे पत्ता 'कॅम्प नंबर' सांगून दिला जातो. माझ्या वर्गातल्या सिंधी मुलींच्या आजोबांना 'निर्वासित' म्हटलेले खपत नसे. आम्ही पुरुषार्थी, असे ते म्हणत. ज्याने सगळे गमावून पुन्हा उभे केले त्याला त्याच्या गमावण्याच्या नावाने ओळखले जाणे नको असते. त्याच्या मुलांना मात्र तोच शब्द अभिमानाचा वाटतो, कारण त्यांना तो कमवावा लागलेला नसतो.

तीन मसुद्यांनंतर तडजोड झाली. निवेदन आईच्या रात्रीच्या वर्गापासून सुरू झाले, 'निर्वासित' हा शब्द एकदाच आणि मध्यात आला, आणि वडिलांच्या शिबिराचा उल्लेख वगळला. निवेदन म्हणून ते पहिल्यापेक्षा सरस होते, कारण त्यात कुटुंब कॉलेजच्या दारातून आत येत होते. पण या तडजोडीत एक चूक दडली होती. वडिलांनी काय सांगू दिले नाही हे आम्ही पाळले. त्यांना काय सांगायचे आहे आणि कधी, हे कोणी विचारले नाही.

दुसरा निर्णय : पैसे कोणाचे घ्यायचे

हा भाग माझ्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वर्षात २,००० डॉलर किंवा अधिक रक्कम जमली की समितीची नोंदणी करावी लागते आणि खजिनदाराशिवाय समिती पैसे घेऊ किंवा खर्चू शकत नाही. १०० डॉलर किंवा अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालकाचे नाव अहवालात द्यावे लागते, आणि १०० डॉलर किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी पॅगोडाच्या आवारात जेवण होते. एक आजी आल्या, उमेदवारांचे दोन्ही हात धरून बराच वेळ बोलल्या आणि माझ्या हातात लाल लिफाफा ठेवला. व्हिएतनामी घरांत शुभप्रसंगी पैसे लाल लिफाफ्यात देतात. आत विसाच्या पाच नोटा होत्या, म्हणजे बरोबर १०० डॉलर. मी एक नोट परत करू लागले तर आजींचा चेहरा उतरला. दिलेल्या आहेरातले कोणी असे परत करत नाही. उमेदवारांनी त्यांना कायदा समजावला आणि शेवटी ८० डॉलर घेतले. त्या रात्री आम्ही व्हिएतनामी भाषेत एक लहान फलक तयार केला आणि पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात तो दानपेटीशेजारी ठेवला. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

दुसरी अडचण माझ्याच माणसांची होती. आमच्या गणेशोत्सवात भेटलेले तीन-चार तरुण मदत करायला निघाले. सगळे एच-१बी व्हिसावरचे. परदेशी नागरिकाने अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत, अगदी कॉलेज मंडळाच्याही, पैसे देणे संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे. ग्रीन कार्डधारकाला मात्र मुभा आहे. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटले. विनामोबदला काम करायला हरकत नव्हती, म्हणून त्यांतल्या दोघांनी आठवड्याच्या शेवटी घरोघर पत्रके वाटली. ज्यांना मत नव्हते आणि देणगीही देता येत नव्हती, तेच सर्वांत जास्त पायऱ्या चढले.

तिसरा निर्णय : आरोप आणि रेडिओ

कॅलिफोर्नियात आता प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने जाते आणि ती निवडणुकीच्या २९ दिवस आधीपासून निघू लागते. म्हणजे मतदान एका दिवसाचे नसून महिन्याचे असते. नेमक्या त्याच आठवड्यात एक छायाचित्र फिरू लागले. काही वर्षांपूर्वी उमेदवार इतर परिचारिकांबरोबर मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात डोळ्यांच्या तपासणीच्या शिबिरासाठी गेल्या होत्या. छायाचित्रात त्या एका म्हातारीच्या डोळ्यांत औषध घालत आहेत आणि मागे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पिवळ्या ताऱ्याचा लाल झेंडा आहे. सान होजेतल्या घरांवर आणि दुकानांवर दिसणारा झेंडा वेगळा, पिवळ्यावर तीन तांबड्या पट्ट्यांचा, हरलेल्या दक्षिणेचा. छायाचित्राखाली लिहिले होते की ही बाई साम्यवाद्यांची माणूस आहे.

बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल, पण या समाजात ते क्षुल्लक नाही. १९९२मध्ये टोनी लाम दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरच्या नगरपरिषदेवर निवडून आले तेव्हा ते अमेरिकेत लोकनियुक्त पदावर बसलेले पहिले व्हिएतनामी निर्वासित ठरले. १९९९मध्ये त्याच गावात एका दुकानदाराने साम्यवादी नेते हो ची मिन्हचे चित्र लावले म्हणून ५० दिवसांहून अधिक काळ निदर्शने झाली आणि त्यांत सामील न झाल्याबद्दल लाम यांच्या उपाहारगृहासमोरही लोक जमले. सान होजेच्या नगरपरिषदेवर २००५मध्ये मॅडिसन न्विन निवडून आल्या. एका बाजारपेठेला 'लिटल सायगॉन' हेच नाव द्यावे की दुसरे, या वादातून २००९मध्ये त्यांना मुदतीआधी पदावरून परत बोलावण्यासाठी मतदान घेतले गेले, ज्यात त्या टिकल्या. ज्यांनी देश गमावला त्यांच्यासाठी नाव आणि झेंडा एवढेच उरलेले असते, हे समजून घेतल्याशिवाय त्या रागाकडे पाहू नये.

आमच्यापुढे चार पर्याय होते : दुर्लक्ष करणे, वकिलाकडून नोटीस पाठवणे, उमेदवारांनी स्वतः व्हिएतनामी रेडिओवर जाऊन खुलासा करणे, किंवा वडिलांनी बोलणे. नोटिशीचा विचार आम्ही लगेच सोडला, कारण ते छायाचित्र कोणी फिरवले हे सिद्ध करता येत नव्हते. दुर्लक्ष करावे असे प्रचाराची सूत्रे सांभाळणाऱ्या तरुणाचे मत होते. विभागातले निम्म्याहून अधिक मतदार व्हिएतनामी नव्हते आणि त्यांच्यापर्यंत हा वाद पोहोचलाच नव्हता. उमेदवार मात्र तीन रात्री झोपल्या नव्हत्या. "माझ्या बाबांनी सहा वर्षं काढली, आणि हे मला असं म्हणतात," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

चौथ्या दिवशी वडिलांनी आपण होऊन सांगितले की मी जातो. मुलीने त्यांना नको म्हटले, आईनेही म्हटले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, शिबिरातून सुटताना मिळालेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतला आणि माझ्या गाडीत बसले. तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घड्यांवर इतका विरलेला होता की ते तो उलगडत नव्हते, नुसता मांडीवर धरून होते. रेडिओवर ते चाळीस मिनिटे बोलले. मला भाषा समजत नव्हती. काचेपलीकडे निवेदकाने प्रश्न विचारणे थांबवलेले तेवढे दिसत होते. नंतर कळले की शिबिराबद्दल ते जेमतेम पाच मिनिटे बोलले आणि उरलेला वेळ पत्नीच्या रात्रीच्या वर्गाबद्दल, आणि तो आता बंद आहे याबद्दल.

आरोपाचा जोर त्यानंतर ओसरला. पण त्या प्रसंगाने आमचे जवळजवळ दोन आठवडे खाल्ले. कार्यक्रमानंतर इतर दोन ठिकाणी बोलावणी आली, वृद्ध सैनिकांच्या संघटनेच्या बैठकीला जाणे भाग पडले, आणि मेक्सिकन व भारतीय वस्त्यांत ठरवलेल्या सगळ्या फेऱ्या रद्द झाल्या. मतपत्रिका तेव्हा लोकांच्या घरी पोहोचलेल्या होत्या.

निकाल

मतमोजणीच्या रात्री त्या थोड्या मतांनी पुढे होत्या. निवडणुकीच्या दिवसापर्यंत टपालात टाकलेल्या मतपत्रिका सात दिवसांपर्यंत स्वीकारल्या जातात, त्यामुळे मोजणी पुढे चालू राहिली आणि आघाडी रोज घटत गेली. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी द्यावी लागते. आम्ही अशा मतदारांच्या घरी गेलो. बहुतेक वृद्ध होते. नागरिकत्व घेताना ठाशीव सही केलेली आणि आता हात कापतो. एका आजोबांनी नमुन्यावर सही करण्याआधी जुन्या कागदावर चार वेळा सराव केला.

निकाल प्रमाणित झाला तेव्हा त्या काही शे मतांनी हरल्या होत्या. केंद्रनिहाय आकडे आल्यावर चित्र स्पष्ट झाले. व्हिएतनामी वस्तीत त्यांना भरभरून मते होती, आणि ज्या दोन भागांतल्या फेऱ्या आम्ही रद्द केल्या तेथे पुष्कळ मतदारांनी इतर पदांसाठी मत देऊन ही जागा कोरी सोडली होती. त्या घरांना आमचा उमेदवार नापसंत होता असे म्हणता येत नाही; आम्ही त्यांच्या दारात गेलोच नाही. पुढच्या वसंतात मंडळाने उपकेंद्रात संध्याकाळचे दोन वर्ग परत सुरू करायला मंजुरी दिली, आणि तो ठराव निवडून आलेल्या त्याच सदस्यांनी मांडला. पूर्वी तेथे पाच वर्ग भरत.

वेगळे काय करता आले असते

वडिलांना ऑक्टोबरमध्ये जे करावे लागले ते त्यांच्याशी मार्चमध्ये बोलून ठरवता आले असते. ते बोलले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांना आपला वेळ आणि आपले शब्द निवडता आले असते. आम्ही त्यांच्या मौनाला नकार समजलो. आई-वडिलांची कहाणी मुलांनी निवडणुकीत वापरावी की नाही हा प्रश्न जितका मुलांच्या हक्काचा, तितकाच ती कहाणी जगलेल्या माणसांच्या हक्काचा आहे, आणि त्यांची परवानगी एका मसुद्यापुरती घेऊन भागत नाही.

ते छायाचित्रही आम्हाला आधीच सापडायला हवे होते. उमेदवारांच्या स्वतःच्या फेसबुक पानावर ते सहा वर्षे होते. अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ बसून, आपल्याविरुद्ध कोण काय म्हणू शकेल याची यादी केली असती, तर डोळ्यांच्या शिबिराची सगळी हकिगत आपणच जुलैमध्ये सांगून मोकळे झालो असतो.

रेडिओवर जाण्याचा निर्णय चुकला असे मात्र मी म्हणणार नाही. चूक झाली ती नंतरच्या दहा दिवसांत. एकदा खुलासा झाल्यावर पुन्हा पुन्हा बोलावणी स्वीकारण्याचे कारण नव्हते. वडील आणि एक जुने स्नेही तेवढी बाजू सांभाळू शकले असते, आणि उमेदवार ठरलेल्या फेऱ्यांना गेल्या असत्या. तेव्हा हे बोलायचे धाडस मला झाले नाही. घरातल्या जखमेवर कोणी हात ठेवला असताना बाहेरच्या बाईने फेऱ्यांचे वेळापत्रक काढणे मला बरे दिसेना. माझ्याकडून राहिलेली गोष्ट हीच.

सध्याची स्थिती

राज्यात बांधकामाचे कर्जरोखे ५५ टक्के मतांनी मंजूर झाले की त्या खर्चावर देखरेखीसाठी किमान सात नागरिकांची समिती नेमावी लागते. आमच्या जिल्ह्याच्या अशा समितीवर उमेदवारांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. पहिल्याच बैठकीत त्यांनी उपकेंद्राच्या दुरुस्तीची रक्कम कोणत्या वर्षी धरली आहे, असे विचारले. आता त्या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात आहे.

प्रचारसमिती बंद करण्याचा नमुना मी डिसेंबरमध्येच भरून ठेवला होता. फक्त त्यांची सही हवी होती. समिती चालू ठेवायची तर दर वर्षी राज्याला ५० डॉलर आणि दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो. त्यांनी नमुना पाहिला, बाजूला ठेवला आणि ५० डॉलरांचा धनादेश लिहून दिला. ३१ जुलैपर्यंत द्यायचा अहवाल मी आता तयार करते आहे.